गायरानातली फक्कीची रेघ

लुनाच्या कॅरिअरला बांधलेली पिशवी फाटलीय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी अख्खं गायरान ओलांडून नाल्यापर्यंत पोचलो होतो. आज गाडी एवढी हलकी कशी पळायला लागली, म्हणून मनातल्या मनात मेकॅनिकचं कौतुक चाललं होतं. उतरून मागं बघितलं तर पिशवीचा कोपरा चिंधीसारखा लोंबत होता, आणि डांबरी सडकेपासून माझ्या पायापर्यंत, गाडीवाटेच्या मधोमध, एक पांढरीशुभ्र रेघ पडली होती. सरळ. शाळेत पट्टी धरूनसुद्धा माझी रेघ शेवटाला खाली घसरायची. इथं मात्र आयुष्यातली पहिली सरळ रेघ मी पाठमोरा बसून ओढली होती.

पिशवीत फक्की होती. कबड्डीचं मैदान आखायला मारतात तो चुना. झाडं लावायच्या सरकारी खात्यात मी होतो, परभणीला. मुकादमाच्या वर आणि साहेबांच्या खाली, म्हणजे दोघांच्याही शिव्या नीट ऐकू येतील अशा उंचीवर. शहाऐंशी सालचा पौष. ताडकळसच्या अलीकडं एक गाव आहे, नाव सांगत नाही, तिथली मंडळी अजून मला ओळखतात. त्या गावच्या गायरानात निलगिरी लावायचं वरून ठरलं होतं. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. मालक कुणी नाही, म्हणून नजर सगळ्यांची. आठवडाभरात साहेब जीप घेऊन येणार, हद्द ठरवणार, मग फक्की मारायची, मग खड्डे, मग काटेरी तार. माझं काम एवढंच, की फक्की आधी नेऊन सरपंचाच्या ओट्यावर ठेवायची. ठेवायची होती ओट्यावर, ठेवली गायरानभर.

थोडी माती पायानं सारली, दोन मुठी फक्की झाकली, तोवर माणसं जमायला लागली. खेड्यात सरकारी माणूस खाली वाकलेला दिसला की काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं समजतात.

"आखलं का सायब?" पहिल्यानं विचारलं.

"नाही हो, पिशवी फाटली."

"पिशवी फाटून इतकी सरळ रेघ?"

"वाटच सरळ आहे!"

"आस्सं," तो म्हणाला आणि मागच्याकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "सरकारची पिशवी बी लाइनीत फाटती, बगा."

हसले सगळे. एक बाई तेवढी हसली नाही. गाडीवाटेच्या दोन्ही अंगाला ज्वारी उभी होती, कणसं निसवलेली, दाणा अजून दुधात. त्या ज्वारीतून ती बाहेर आली. उंच, हाडापेराची, नऊवारीचा कासोटा घट्ट, दात मिश्रीनं काळे. रेघेपाशी थांबली. रेघ ओलांडली नाही. इकडच्या ज्वारीकडं बघितलं, तिकडच्या ज्वारीकडं बघितलं आणि मला विचारलं,

"ह्यातली कोन्ती माझी?"

ही बायनाबाई.



बायनाबाईचं माहेर पेडगावचं. लग्न होऊन या गावच्या बौद्धवस्तीत आली ती गावच्या पाटलांच्या, म्हणजे भगवानरावांच्या, शेतात कामाला जाण्यासाठीच. सासू जायची, म्हणून सून जायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला शिकली, आणि हातोडा हातात होताच, म्हणून वस्तीतल्या बायांना घेऊन गायरानाच्या खडकाळ टोकाला गेली. जिथं गुरंही तोंड घालत नव्हती, तिथले दगड वेचायला लागली. गावानं चेष्टा केली. दगड पेरणार का, असं विचारलं. वेचलेल्या दगडांची रास अजून शेताच्या कडेला उभी आहे, माणसाहून उंच. तिसऱ्या साली तिथं ज्वारी आली आणि चेष्टा थांबली. चेष्टा थांबते तेव्हा पुढचं काहीतरी सुरू होतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा हातभर आलेल्या तिच्या पिकात कुणीतरी जनावरं घातली. कुणी, ते तिला ठाऊक होतं. ती नाव घेत नसे. पुढच्या हंगामात तिनं पुन्हा पेरलं.

नामांतराचा प्रश्न तेव्हाही तसाच लोंबकळत होता. ताडकळसच्या बाजारात हॉटेलात बसलो की बाकड्यावरची माणसं आधी माझं आडनाव विचारायची आणि मग ठरवायची की कोणता विषय बोलायचा. बहुतेक वेळा पावसावर यायचं.

दोन एकर. दोन एकरांत माणूस श्रीमंत होत नाही. पण घरात ज्वारीचं पोतं असलं की सकाळी दारात येऊन "ये बायने, चल गं निंदायला" म्हणणाऱ्याला "आज न्हाई" असं म्हणता येतं. आठवड्यातून एखाद्या दिवशी तसं म्हणायला मिळावं, यासाठी ती बाई उरलेले सहा दिवस राबत होती. आणि या दोन एकरांचा कुठंही कसलाही कागद नव्हता. उभं पीक हाच कागद. पीक उभं असेल तोवर शेत, पीक नसेल तर गायरान.

मधली गाडीवाट मात्र तिनं स्वतः सोडली होती. मुंजाजी गुराखी गावची गुरं याच वाटेनं नाल्यावर पाण्याला न्यायचा. वाट नांगरून ज्वारीचे आणखी चार तास, म्हणजे ओळी, घालता आले असते. तिनं घातले नाहीत. आणि माझी पिशवी नेमकी त्याच वाटेवर फाटली.

संध्याकाळच्या आत भगवानराव स्वतः आले. पांढरं धोतर, बोलणं असं मऊ की ऐकताना आपणच खरबरीत आहोत असं वाटावं. त्यांची जमीन किती, हे मी विचारलं नाही, ते सांगत नाहीत, आणि गावाला मोजता येत नाही. गायरानाला लागून त्यांची मोसंबी होती. ही मोसंबी दरवर्षी थोडी थोडी गायरानात चालत यायची. बांध फोडायचा, हात-दोन हात पुढं घालायचा. पळस, बोरी, बाभळी जळणाला जायच्या. बांध आता इतका पुढं आला होता की मधली जुनी विहीर, जिच्यावर पूर्वी गुरं पाणी प्यायची, ती मोसंबीच्या पोटात गेली होती. तिच्यावर मोटार बसली होती. वस्तीतल्या आडाला उन्हाळ्यात पाणी का राहत नाही याचा शोध घ्यायला वरून कुणी आलं नव्हतं.

"रावसाहेब," भगवानराव मला म्हणाले. मला आजवर कुणी रावसाहेब म्हटलं नव्हतं, म्हणून मी मागं वळून बघितलं. "रावसाहेब, रेघ नामी मारलीत. रेघेच्या पलीकडं झाडी, अलीकडं ज्याचं त्याला. कुणाची तकरार न्हाई."

पलीकडं म्हणजे बायनाबाईचं अर्धं शेत आणि वस्तीतल्या बाकीच्या बायांच्या सगळ्या पट्ट्या. अलीकडं म्हणजे मोसंबी.

"अहो, ती रेघ नाहीच. पिशवी फाटली."

"फाटंना का. वर जे लिहिलं असतं तेच खाली फाटतं." त्यांनी गड्याला सांगून रेघेवर हातभराच्या अंतरानं दगड ठेवायला लावले. वाऱ्यानं पुसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेलो, कडुनिंबाची फांदी घेऊन. झाडून टाकायचं, संपवायचं, असा बेत. पण पौषातलं दव पडून चुना असा बसला होता की फांदी झिजली, रेघ उजळली. निम्म्या वाटेत शाळेचे मास्तर रंगनाथ सायकलवर भेटले आणि आख्ख्या गायरानाला ऐकू जाईल असे ओरडले, "साहेब रेघ पुसायलेत रे! काल मारली, आज पुसायलेत! कुणाचा चहा पिले?"

झालं. आता रेघ पुसली तर मी वस्तीकडून खाल्ले, ठेवली तर भगवानरावांकडून. दोन्हीकडून खाल्ल्याचा लौकिक आणि खिशात परतीच्या पेट्रोलपुरतेच पैसे. मी फांदी टाकली आणि बायनाबाईच्या शेतात गेलो.

ती दगडांच्या राशीपाशी बसली होती. शेजारी नवरा सटवाजी. सटवाजी हा फार भला माणूस. त्याचा सगळा संसार "जाऊ दे" या दोन शब्दांवर चालला होता. कुणी मजुरी कापली, जाऊ दे. बकरी मेली, जाऊ दे. पण त्या दिवशी त्याचं "जाऊ दे" भलत्याच ठिकाणी आलं होतं.

"सायब, तुमीच सांगा हिला," तो म्हणाला. "पलीकडची ज्वारी आत्ताच कापून घेऊ. कवळी हाय, पर वैरण तर व्हईल. उद्या जीप आली, तार घातली, तर वैरण बी जायाची अन् दाना बी जायाचा. जाऊ दे, वैरण तर वैरण."

"कापली की मोकळी झाली," बायनाबाई म्हणाली. "मोकळी दिसली की गेली. दाना भरायला पंधरा दिस लागतेत. बसती मी हितं."

"पंधरा दिस?"

"तुला काय, तू घरी झोप."

आणि ती खरंच तिथं बसली. सकाळी यायची ती भाकरी बांधूनच. पाखरं हाकायची, गोफण फिरवायची, आणि जीपचा आवाज ऐकायची. जीप तर राहोच, ताडकळसची एसटी सडकेवरून घरघरली तरी उभी राहायची. मी दर एक-दोन दिवसांनी जात होतो. कशाला जात होतो ते मलाही नीट सांगता येणार नाही. आजारी माणसाला ज्याच्यामुळं दुखणं लागलं त्यानंच समाचाराला जावं, तसं ते होतं. ती मला हाकलत नव्हती. बोलावतही नव्हती. एकदा मी सहज म्हणालो, "बायनाबाई, साहेब चांगले आहेत."

"आसतीन की. समदेच चांगले असतेत, यायच्या आदी."

त्याच आठवड्यात मुंजाजी गुरं घेऊन वाटेवर थांबला. भगवानरावांनी त्याला निरोप धाडला होता: रेघेपलीकडं आता कुणाचं काही नाही, घाल गुरं. गुरांना ज्वारीचा वास लागला होता, माना वळल्या होत्या. मुंजाजी काठी आडवी धरून मध्ये उभा, बायनाबाई गोफण घेऊन समोर. मी लुनावर. शंभरभर जनावरं एकदा आत शिरली असती तर इतके दिवस तिथं बसून राखलेलं सगळं संपलं असतं.

"काय गं बाई," मुंजाजी म्हणाला, "पाटलाचा हुकूम हाय."

"मंग घाल की. कामून थांबलास?"

मुंजाजीनं टोपी मागं सरकवली. "घालावं का न्हाई त्येच बगायलो. तुझी काढणी झाली की धसकटात तूच हाक मारतीस मला, ये म्हनतीस. पाटलानं तर तार घातलीया. अन् ह्यो सायब निलगिरी लावनार. माझी म्हैस निलगिरी खाती का वो सायब?"

"नाही," मी म्हणालो. "निलगिरी कुणीच खात नाही."

"मंग लावायलाव कशाला?"

मुंजाजीनं उत्तराची वाट बघितली नाही. "हेऽऽ चल!" म्हणून म्हशीच्या पाठीवर काठी टेकवली आणि गुरं सरळ नाल्याकडं नेली. गुरांच्या खुरांनी रेघ थोडी विस्कटली, पण दगड होतेच.

बारा दिवस झाले आणि दाणा अजून पुरता पिकायचा असताना जीप आली.

साहेबांच्या हातात नकाशा, भगवानरावांच्या गड्याच्या हातात चहाची किटली. रेघेच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला वस्तीतल्या बाया. मी मध्ये, म्हणजे माझ्या नेहमीच्या उंचीवर. साहेबांनी रेघ बघितली, दगड बघितले, आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे वा! तू तर निम्मं काम करून ठेवलंस!"

"साहेब," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटलं. "ही हद्द नाही. माझी पिशवी फाटली. मी नाल्यावर जाईपर्यंत मला कळलं नाही."

लोक हसले. साहेबही हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "फाटली तर फाटली. सोयीची पडलीय. चल, इथून खड्डे धर."

बायनाबाईच्या शेजारच्या बाईनं तोंडात पदर घातला. सटवाजी हळूच म्हणाला, "जाऊ दे." आणि मुकादमानं दोरी सोडायला घेतली.

"सायब," बायनाबाई रेघ ओलांडून आली. पहिल्यांदाच. "मोजनी लावा."

"कसली मोजणी?"

"गायरानाची. समद्या. जुन्या खुनंपासनं ते जुन्या खुनंपर्यंत. ज्यानं ज्यानं धरलं आसंल त्येचं त्येचं काडा. मग लावा की तुमची झाडं, जिथं लावायची तिथं."

मागून एक बाई घाबरून ओरडली, "अगं ये बायने, येड लागलं का? आपुन बी त्यातच की गं!"

"हावो, हाव की त्यातच," बायनाबाई मागं न बघता म्हणाली. "माझं बी मोजा, सायब. आदी माझंच मोजा. मग त्या हिरीपासून मोजा." आणि तिनं मोसंबीकडं बोट केलं.

मी भगवानरावांकडं बघितलं. बोलणं तसंच मऊ होतं, पण किटली धरलेल्या गड्याला ते विनाकारण म्हणाले, "ठेव ती खाली, हात भाजंल."

साहेबांनी नकाशा उलगडला. त्यात विहीर होती. विहिरीच्या चारी बाजूंना हिरवा रंग होता, म्हणजे गायरान. साहेबांनी एकदा नकाशातल्या विहिरीकडं बघितलं, एकदा खऱ्या विहिरीवरच्या मोटारीकडं. नकाशाची घडी घातली. चहा घेतला. दुसरा घेतला. आता साहेब "मोजा" म्हणाले असते तर सगळ्यात आधी कुणाचं गेलं असतं हे जमलेल्यांपैकी शेंबड्या पोरालाही कळत होतं. मोसंबीला वकील मिळतो. ज्वारीला कुणी मिळत नाही.

"बाई म्हणतात त्यात तथ्य आहे," साहेब शेवटी म्हणाले. "पण मोजणी म्हणजे दुसरं खातं. पत्र लिहावं लागंल."

"कशाला उगी पत्र-बित्र, साहेब," भगवानराव म्हणाले. "यंदा पाऊसमान बी बरं न्हाई. रोपं जगायची न्हाईत. पुढच्या साली बघू की."

"तेही खरंच," साहेब म्हणाले. पाऊसमानाचा विषय निघाला की सरकारला फार बरं वाटतं. दोरी गुंडाळली गेली. गाडीत बसताना साहेबांनी मला एवढंच सांगितलं, की फाटक्या पिशवीबद्दल लेखी खुलासा आणून दे. रोपं पुढं सडकेच्या दोन्ही बाजूंना लावली. आजही तिथून जाताना कुणी सावलीला थांबलेलं दिसत नाही.

भगवानरावांनी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. नुसतं कापूस वेचणीला वस्तीतल्या एकाही बाईला बोलावलं नाही. पालमकडून टेम्पो भरून बाया आणल्या. वस्तीतल्या बायांची ती उन्हाळ्यापर्यंतची कमाई होती. दोघी-तिघी बायनाबाईला येता-जाता सुनवायला लागल्या, की तुझ्या तोंडापायी आमच्या चुली विझल्या. ती ऐकून घ्यायची.

महिन्याभरानं मी गेलो तेव्हा काढणी उरकत आली होती. ज्या बाया सुनवत होत्या त्यातल्याच दोघी तिच्या शेतात कणसं खुडत होत्या. मजुरी म्हणून ज्वारी घेणार होत्या, आणि खुडता खुडता सुनवतही होत्या. दोन्ही कामं एकाच लयीत. सटवाजी पेंढ्या बांधत होता. मुंजाजीची गुरं वाटेवर थांबली होती, धसकट मोकळं व्हायची वाट बघत. ऊन चांगलं तापलं होतं. सगळं कसं छान दिसत होतं आणि तरी सडकेवरून काहीतरी घरघरत गेलं तसे सगळ्यांचे हात एकदम थांबले. दुधाचा टँकर होता. हात पुन्हा चालू झाले.

मी बांधावर बसलो. बायनाबाईनं मला हिरवा हुरडा नाही, आता हुरडा कुठला, पण मूठभर दाणे दिले. कोरडे, टणक. मी चावत बसलो. शेवटी विचारलंच.

"बायनाबाई, त्या दिवशी साहेब खरंच मोजा म्हणाले असते, तर? तुमचं सगळं गेलं असतं की हो."

तिनं खुडलेलं कणीस पाटीत टाकलं आणि पुढच्या ताटाला हात घातला.

"गेलं असतं. पर एकलीचं न्हाई."